वहाळेश्वराचं गवत आणि जागच्या जागी वळणारं यंत्र

ठण्ण!

एवढाच आवाज, मंडळी! पहाटेचं घर. सामसूम अशी, की मांजरसुद्धा चुलीपाशी मुटकुळं करून पडलेलं. आणि ओटीच्या पायरीवर कुणीतरी तांब्या टेकवला — ठण्ण!

कुणी टेकवला? कुणाच्या पायरीवर? सांगते. पण आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. कुणी 'नको' म्हटलं, तर ते नको खरं धरायचं का?

ते मागचे आजोबा मान डोलावतायत — धरायचं म्हणे! आजोबा, परवा नातवाच्या मुंजीत जिलबीला किती वेळा नको म्हणालात? पाच वेळा. आणि पानात किती पडल्या? जाऊ द्या, देवळात बसलोय आपण!

आपली रीतच आहे ही. पाहुणा नको म्हणतो, हात आडवा धरतो, पानावर वाकतो — आणि आपण त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो! का? तर त्याचं नको हे नको नसतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. मग हीच अक्कल सगळीकडे चालते का आपली? की काही माणसांचं नको आपण पहिल्या फटक्यात खरं मानतो?

हा झाला प्रश्न. आता आख्यान.

कोकणात आंबेखोल नावाचं गाव. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाने वसलेलं, म्हणून देव वहाळेश्वर. देऊळ लहान, पण आवार? तीन एकर! दीपमाळ, पार, सुरंगी, बकुळ, आणि उरलेल्या जागेत गवत. श्रावणात गुडघाभर, भाद्रपदात कमरेला. या देवस्थानाचे अध्यक्ष अण्णा सरदेसाई, आणि अण्णांची सून हर्षदा. नवरा चिपळूणला नोकरीला, शनिवारी येणार, सोमवारी जाणार. पदरात पाच वर्षांची मुलगी — मुग्धा, सगळ्यांची मुगू. शासनाचं पत्र आलं, समितीवर एक तरी बाई घ्या. अण्णांनी गावभर नजर फिरवली आणि ती घरातच येऊन थांबली. नजरेला लांब जायचा कंटाळा असतो हो कधी कधी!

आणि तो तांब्या? तो येसूमावशीचा. देवळाच्या मागे तिचं खोपट, एक गोठा, गोठ्यात एक गाय. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, म्हणून तिचं नाव बांडी. दर सोमवारी पहाटे बांडीची पहिली धार तांब्यात घ्यायची आणि सरदेसायांच्या पायरीवर ठेवायची. तिथून हर्षदा ते देवळात नेणार, अभिषेक होणार. तांब्या हातात घेतला की ऊब तळव्याला लागायची. गायीच्या अंगाचीच ऊब ती!

मग बांडी खायची काय? देवळाचं गवत! आश्विनात येसूमावशी विळा घेऊन आवारात उतरायची. पंधरा-वीस दिवस कापायची, वाळवायची, भारे बांधायची, गोठ्यामागे खांबाभोवती त्यांची उडवी रचायची. ती उडवी पाऊस येईपर्यंत बांडीला पुरायची. आवार साफ, गायीचं पोट भरलेलं, देवाला दूध. कागद नाही, ठराव नाही, तिच्या सासूच्या सासूपासून चाललेलं. कागद नसलेल्या गोष्टी मोडायला फार सोप्या असतात, मंडळी. मोडल्याचा आवाजही होत नाही!

झालं काय, श्रावणातल्या उत्सवाला मुंबईहून वसंतशेठ आले. गावचेच, मोठे दाते. प्रदक्षिणा घालताना त्यांच्या चपलेशेजारून फुरसं गेलं. फुरसं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, वीतभर असतं आणि माणूस आडवा करतं. शेठ पारावर चढले ते उतरेनात! पारावरूनच घोषणा — "गवत कापायचं यंत्र माझ्याकडून! मोठ्यातलं मोठं! कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा!"

फुकटच्या घोड्याचे दात बघायचे नसतात म्हणतात. पण आंबेखोल हो ते! तिथे घोडा फुकट मिळाला तर दातांसाठी उपसमिती नेमतील!

यंत्र निवडायचं काम आलं हर्षदाकडे. कारण काय? "तुला मोबाइलवर बघता येतं." बायकांच्या वाट्याला कामं अशीच येतात — येतं म्हणून!

पण पोरीने मन लावून केलं हो. दुपारी मुगूला मांडीवर थोपटायची, तिचा श्वास संथ झाला की हळूच दुसऱ्या हातात मोबाइल. एका हाताने थोपटणं चालू, दुसऱ्या हाताने यंत्रं चालू! खांद्याला लटकवायचं यंत्र — तीन एकराला नको, माणसाची कंबर जाईल. छोट्या ट्रॅक्टरसारखं, बसून चालवायचं — चांगलं. आणि तिसरं, झिरो टर्न! त्याला गोल चाकाचं स्टिअरिंगच नाही. दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की पुढे, दोन्ही मागे ओढले की मागे, आणि एक पुढे एक मागे केला की? गर्रकन जागच्या जागी वळतं!

मग मोजमाप. टेपचं एक टोक मुगूच्या हातात, दुसरं आईच्या. "मुगू, हलू नकोस हं." "मी नाही हलत, दीपमाळ हलतेय!" दीपमाळ आणि पार यांच्यामधली फट भरली चार फूट दोन बोटं. म्हणजे साडेचार फुटी पातं अडकणार, साडेतीन फुटी जाणार. वहाळाकडचा उतार किती? ओल्या उतारावर हे यंत्र घसरतं, म्हणजे ती कड सोडायची. बकुळीची मुळं वर आलीत, तिथे पातं किती उचलता येतं? सगळं वहीत लिहिलं. मुगूच्या चित्रकलेच्या वहीत, तिने काढलेल्या हत्तीच्या पोटात जागा होती, तिथे!

भाद्रपदात सभा भरली. कंपनीचा माणूस आला, टाय लावून. उकाड्याने टाय बिचारा त्याच्याआधी दमलेला! त्याने ट्रॅक्टरछाप यंत्राची तारीफ सुरू केली, आणि दाजी गुरव उठले.

दाजी म्हणजे पुजारी. देवाच्या खालोखाल तेच, आणि देव बोलत नसल्यामुळे कधी कधी वरही!

"हे यंत्र वळतं कसं?"

"मोठा गोल घेऊन वळतं, काका."

"मग नको."

"का हो?"

"शंकराचं देऊळ आहे हे! नंदीपासून निघायचं, तीर्थाच्या पन्हळीपर्यंत जायचं, पन्हळ ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. शिवाला प्रदक्षिणा अर्धी. तुमचं यंत्र मोठा गोल घेणार म्हणजे पन्हळ ओलांडणार!"

"अहो काका, ते यंत्र आहे."

"पण वर मी बसणार ना!"

कंपनीच्या माणसाने माहितीपुस्तक चाळलं. "हे… पन्हळीचं यात दिलेलं नाही."

"मग तुमचं पुस्तक अपुरं आहे," दाजी म्हणाले आणि बसले.

तेव्हा हर्षदा उठली. पदर खोचला, हत्तीची वही उघडली. म्हणाली, "दाजीकाका, एक यंत्र जागच्या जागी वळतं. पन्हळीपाशी जाऊन तिथल्या तिथे फिरेल आणि आल्या वाटेने परतेल. पन्हळ ओलांडायलाच नको!"

दाजींनी डोळे मिटले. "देवाने धाडलं," म्हणाले!

काय दिवस होता तो तिचा! लग्न होऊन सात वर्षं त्या घरात तिने चहाचे ट्रे सभेत आणून दिले होते, आज पहिल्यांदा सभेने चहा थांबवून तिचं ऐकलं. अण्णा ऐटीत म्हणाले, "अजून काही विचारायचंय का, सूनबाई?"

"एकच. कापलेलं गवत जातं कुठे?"

नीट ऐका हं! प्रश्न बरोबर होता. वेळ बरोबर होती. कंपनीच्या माणसाचा चेहरा खुलला — "मॅडम, हीच तर खुबी! बारीक भुगा करून तिथल्या तिथे मातीत जिरवतं. तुम्हाला एक काडी उचलावी लागत नाही!"

टाळ्या!

एक काडी उचलावी लागत नाही. आणि त्या काड्यांवर जगणारी गाय देवळाच्या मागे शंभर पावलांवर रवंथ करत होती. सभेत अकरा माणसं. पन्हळीचा विचार झाला, दीपमाळेचा झाला, बकुळीच्या मुळांचासुद्धा झाला. गायीचा?

एकीच्या मनात आला. हर्षदाच्या. टाळ्या वाजत होत्या आणि तिच्या तळव्याला एकदम ती दुधाच्या तांब्याची ऊब आठवली. पण टाळ्या तिच्यासाठी होत्या हो! सात वर्षांनी मिळालेल्या टाळ्या मध्येच कोण थांबवील? तुम्ही थांबवल्या असत्या? मी? मी तर अजून दोन वाजवून घेतल्या असत्या!

पण मन खात राहिलं तिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुगूला खांद्यावर टाकून ती येसूमावशीच्या गोठ्यात गेली. ही येसूमावशी म्हणजे कोण? मुगू झाली तेव्हा हर्षदाची आई आजारी, माहेरचं कुणी नाही. तीन महिने या म्हातारीने बाळबाळंतिणीला न्हाऊ घातलं. पायांवर घेऊन मुगूची टाळू भरली. म्हणून तर पोर तिला बघितली की आईच्या खांद्यावरून सुटते, ती थेट बांडीच्या पोटाखाली!

"मावशी, देवळात गवताचं यंत्र येतंय."

"ऐकलं गो. बरं झालं. त्या शेठचा जीव तरी पारावरून खाली उतरेल."

"पण मग… बांडीचं कसं?"

येसूमावशीचा हात बांडीच्या मानेवरून फिरत होता. तो थांबला. एवढासा थांबला.

"बांडीचं काय! माझं काय मेलीचं! देवाचं गवत, देवाचं यंत्र. मी आणेन कुठून तरी चार भारे."

"मी अण्णांना सांगू का? एक तुकडा तुमच्यासाठी ठेवायला?"

"नको गो, नको. तुझं नाव झालंय गावात, त्यात माझी कटकट कशाला? नको."

"नक्की ना?"

"नक्की गो पोरी. जा, ऊन लागेल लेकराला."

हर्षदाने तो थांबलेला हात पाहिला होता. पाहिला! पण मंडळी, बाहेर पडताना तिला कसं वाटलं सांगू? हलकं! विचारलं ना आपण? ती नको म्हणाली ना? सुटलो! पाचव्या नकोनंतरही जिलबी वाढणारी माणसं आपण, आणि इथे तीन नकोंत समाधान! का? तर पंक्तीतलं नको खरं मानलं तर आपली शोभा जाते. हे नको खोटं मानलं असतं तर आपली सोय गेली असती.

पेटीवाले, सूर द्या जरा —

घास देवाला दाविला, भूक दारात राहिली।
हात जोडिले कळसा, पायरी ना पाहियेली॥

आलं यंत्र! लालभडक! नेमकं खंडेनवमीला. आंबेखोलात त्या दिवशी सगळी हत्यारं पारावर मांडतात — कोयती, पहारी, सुताराचे रंधे, शिंप्याची कात्री. मध्ये यंत्र, त्याला झेंडूचा हार. येसूमावशीनेही आपला विळा आणला. झिजून झिजून चंद्रकोरीएवढा झालेला. दाजींनी यंत्राला कुंकू लावलं, त्याच बोटाने विळ्याला लावलं. देवापाशी भेदभाव नाही!

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि तिसऱ्या दिवशी दाजी गुरव यंत्रावर! कमरेला सोवळं, कानाला रुमाल. नंदीपासून निघाले, भुर्रर्र, पन्हळीपाशी आले, एक दांडा पुढे, एक मागे, गर्रकन फिरले! गाव ओरडलं — "हर हर महादेव!" पोरं नाचली. पंधरा-वीस दिवसांचं काम दीड दिवसात. आवार कसं? ताज्या हजामतीसारखं! वसंतशेठांना फोटो गेले. शेठ इतके खूश, की म्हणाले, "पण हिवाळ्यात गवत वाळल्यावर यंत्र बसून राहील हो! फवारे पाठवतो, पाणी द्या, बारा महिने हिरवं ठेवा!"

हसू नका! हसताय काय! गायीला लागतं तेव्हा गवत आकाशातल्या पाण्यावर. आणि यंत्राला कापायला मिळावं म्हणून विहिरीवर पंप! केलं हो त्यांनी. माघ महिन्यात सारं आंबेखोल पिवळं, आणि वहाळेश्वर हिरवागार!

आणि येसूमावशी? सोमवार एकही चुकला नाही. दर सोमवारी पहाटे तांब्या पायरीवर. हर्षदाला वाटलं, बघा, म्हणाली तसं केलं म्हातारीने. आणले कुठून तरी भारे. 'कुठून तरी' हे फार सोयीचं गाव आहे, मंडळी. आपल्या सगळ्या काळज्या आपण तिथेच राहायला पाठवतो!

माघातला तिसरा सोमवार. हर्षदाने तांब्या उचलला, आणि हात थबकला.

तांब्या गार.

थंडीचा गार नव्हे. दूधच गार. वर फेस नाही. धारेच्या दुधाला गोठ्याचा म्हणून एक वास असतो, तो नाही. येसूमावशी अजून फाटकाशीच होती.

"मावशी! दूध आज गार कसं?"

"थंडी आहे गो."

"मावशी."

येसूमावशीने पदराने तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं तोंडाला.

हर्षदा पायांत चपला न घालता गोठ्याकडे गेली, मागोमाग मुगू, डोळे चोळत. गोठा झाडलेला, सारवलेला, आणि रिकामा! गोठ्यामागे उडवीच्या जागी नुसता खांब. खोपटाच्या पडवीत वळचणीला दुधाची कापलेली पिशवी, धुऊन उलटी वाळत घातलेली. देवाचं दूध होतं ना त्यात, टाकवली नव्हती तिला.

"कधी?"

"झाले आठ दिवस. बहिणीच्या मुलाकडे धाडली, घाटावर. त्याच्याकडे कडबा आहे. पोटाला तरी मिळेल तिला. बरगड्या दिसायला लागल्या होत्या गो."

"मला सांगायचं ना, मावशी!" हर्षदाचा आवाज चढला. राग कुणावर होता देव जाणे. "मी विचारलं होतं तुम्हाला! गोठ्यात येऊन विचारलं होतं!"

"विचारलंस की."

"मग नको का म्हणालात?"

येसूमावशी हसली. रागाने नाही, कौतुकानेच हसली, तीन महिने पायांवर घेतलेल्या बाळाच्या आईकडे बघावं तसं.

"अगो, मी नको म्हणाले ते माझ्या जागी. तू विचारायचं थांबलीस कशाला?"

अकरा जणांच्या सभेत दाजींना पटवणारी हर्षदा मुगूचा हात धरून घराकडे वळली.

त्याच दिवशी तिने अण्णांना गाठलं. "अण्णा, पन्हळीपलीकडचं अर्धं आवार येसूमावशीला ठेवायचं. तिथे यंत्र नाही न्यायचं."

अण्णा वाईट नव्हते हो. हळहळले. म्हणाले, "अरेरे! आधी कळतं तर! पुढच्या सभेत विषय घेऊ. सूचक तू, अनुमोदक मी." आणि सभा कधी? चैत्रात! दाजींनाही वाईट वाटलं. त्यांनी विचारून घेतलं, पिशवीच्या दुधाचा अभिषेक चालतो का. चालतो म्हणे. सगळं चालतं, मंडळी. कुणाचं काही अडत नाही, तीच तर पंचाईत आहे!

आता तुमच्याकडे वळते. सावध व्हा!

तुमच्या घरी यंत्र नसेल. तीन एकर नसेल. पण 'मला नको, तुम्ही घ्या' म्हणणारं कुणी आहे की नाही? 'मला भूक नाही, उरलेलं पुरेल' कोण म्हणतं? 'माझा डोळा काही इतका दुखत नाही, पुढच्या महिन्यात बघू' कोण म्हणतं? 'मला कशाला नवीन साडी' कोण म्हणतं? त्या बघा, मागच्या बायका हसायला लागल्या! पुरुषमंडळी, तुम्ही का हो जमिनीकडे बघताय? आणि बायांनो, तुम्हीही फार हसू नका. सासूने नको म्हटलं की भांडं झाकताच ना तुम्ही? वहाळेश्वराला दुधाची कमी नाही. समोरच्याने तीनदा नको म्हटल्यावरही आपण चौथ्यांदा विचारतो का, त्याची वाट बघत बसलाय तो. यंत्र जागच्या जागी वळतं, त्याचं कौतुक केलंत. माणूस दारातून एकदा मागे वळून म्हणाला असता, "मावशी, खरं सांगा", तर? केवढं अंतर होतं ते? दोन पावलं!

थांबा, टाळ उचलू नका. थोडं राहिलंय.

त्याच संध्याकाळची गोष्ट. महाशिवरात्र जवळ आलेली, म्हणून दाजींनी यंत्र फिरवून घेतलं होतं. हर्षदा चुलीपुढे. दूध उतू जाईल म्हणून नजर पातेल्यावर, पण मन कुठे होतं कुणास ठाऊक. तेवढ्यात मुगू आली. फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला, फवाऱ्यातून आलेली. नखांत हिरवं, केसांत हिरवं. हातात शाळेचा डबा, झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलेलं.

"आई, बघ."

झाकण उघडलं. आत गवताचा तो भुगा. ओला, हिरवा, पेट्रोलचा वास येणारा. चिमटीचिमटीने वेचून काठोकाठ भरलेला. तीन एकर फिरली असेल पोर!

"हे काय गं, सोन्या?"

"बांडीचं," मुगू म्हणाली. डबा आईच्या मांडीवर ठेवला, आणि भुगा सांडू नये म्हणून हळूच तळव्याने दाबून बसवला. "गवत नव्हतं म्हणून गेली ना ती? आता आहे बघ. मग उद्या येईल ना ती, आई?"